पाडा झाला तर?

शेजारी दोन एकर जागा घेतलेलं पुण्याचं जोडपं परवा विचारायला आलं, गाय कोणती घ्यावी. म्हटलं, कोकण कपिला घ्या. अंगाने लहान, आमच्या पावसाला आणि चढणीला सरावलेली. दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, त्याहून आशा नको. पेंढ्याची उडवी पावसाआधी रचून झाकायची. गोठ्याची जमीन उतरती ठेवायची, म्हणजे मूत साचत नाही. एवढं त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग मी विचारलं, "पाडा झाला तर?" "गोशाळेत देऊ," नवरा चटकन म्हणाला. वैरणीचे पैसे दरवर्षी धाडणार का, यावर दोघंही गप्प.

गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा पाडाच. पूर्वी तो औताला लागायचा. आता आमच्या वाडीत नांगरणी पॉवर टिलर करतो. २०१५पासून राज्यात बैलाची कत्तलही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तेव्हा नको असलेला पाडा कोणी विकत नाही, मारत नाही. लांब नेऊन सोडतात. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री डांबरावर बसलेली जनावरं दिसली, तर त्यांत नर किती ते मोजा.

२०२४ साली शासनाने देशी गायीला राज्यमाता म्हटलं. म्हणू दे. राज्यमातेच्या मुलाचं काय, हे विचारणं आगाऊपणाचं वाटेल, पण धर्माचा प्रश्न मला तिथेच दिसतो. सावरकर आमच्याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते. गाय हा उपयुक्त पशू, तिला पाळा, पुजू नका, असं ते सांगत. पूजेपुरतं मला पटतं. वसुबारसेला सवत्स धेनू पुजायची आणि पुढे त्याच वत्साला वाऱ्यावर सोडायचं, याला काय म्हणावं? पण नुसत्या उपयोगानेही पाड्याचा निकाल लागत नाही. किंवा लागतो, आणि तो त्याच्या विरुद्ध जातो.

धार काढायला बसलो की मी आधी पाडा सोडतो. तो कासेला ढुशा देतो, तेव्हा कुठे गाय पान्हा सोडते. मग त्याला ओढून तिच्या तोंडापुढे बांधायचं. ती त्याला चाटत राहते आणि खाली माझी चरवी भरते. त्याच्या नावावर उचल मी करतो, तर फेडही माझ्याकडेच. त्याला उपयोग असो-नसो, पावित्र्य असो-नसो. मला दूध हवं होतं म्हणून तो जन्मला.

हल्ली बहुतेक पाडीच होईल अशी रेतमात्रा मिळते; नव्वद टक्के खात्री देतात. भार हलका होतो, खरं आहे. पण उरलेल्या दहांतला जो जन्मतो, त्याचं पोट काही दहा टक्के नसतं.

आमचा थोरला पाडा आता चांगला दांडगा झालाय. काम शून्य. बायको म्हणते, "फुकट खातो म्हणू नका, माडांच्या आळ्यांत शेण त्याचंच पडतं." खरं आहे. पण शेणासाठी ठेवला म्हटलं की मी पुन्हा उपयोगावरच आलो, म्हणून तेवढा हिशेब मी वहीत मांडत नाही.