फलाशा आणि विहिरीची पातळी

पाणलोट क्षेत्रातील श्रमदानाला निष्काम कर्म म्हणण्याची रीत महाराष्ट्रात चांगलीच रुळली आहे. मात्र या कामाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे मोजणीकडे, पाहिले की त्या विशेषणापुढे एक अडचण उभी राहते. फळावर डोळा न ठेवता कर्म करावे अशी गीतेची शिकवण असेल, तर डोंगरावर चर खणून झाल्यावर महिन्यामागून महिना विहिरीत टेप सोडून पाणी किती वर आले ते वहीत टिपत राहणे, ही फळाची आशाच नव्हे काय?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फळ आणि फलाशा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. फलाशा म्हणजे फळाविषयीची ममत्वयुक्त आसक्ती. ती सोडणे म्हणजे हेतूविना किंवा परिणामाचा विचार न करता कर्म करणे नव्हे. एवढ्याने मोजणीला मुभा मिळते, पण तिची आवश्यकता सिद्ध होत नाही. ती सिद्ध करायची तर जमिनीकडेच वळावे लागते.

पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी उतारावरून वाहत एकाच ओढ्याला मिळते तो भूभाग. त्यातील काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते आणि माथा पुष्कळदा वनजमिनीत, म्हणजे कोणाच्याही खासगी मालकीत नसलेल्या जागी, असतो. तेथे समान उंचीची रेषा आखून सलग समतल चर खणतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचतात. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते; ते मुरून काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाट काढत खाली सरकते आणि कालांतराने भलत्याच कोणाच्या विहिरीत उतरते. खणणारा आणि पाणी उपसणारा यांची गाठही पडत नाही. फळाचा त्याग येथे वृत्तीने करण्याआधी भूगर्भच करवून घेतो, असे म्हटले तरी चालेल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे स्थान, कर्ता, करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि दैव, त्यामुळे केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा चुकतो. पाणलोटाच्या कामात हे दैव म्हणजे पाऊस. तो ज्या वर्षी भरपूर झाला त्या वर्षी विहिरी चर नसतानाही भरतात, आणि श्रमदानाचा सत्कार मात्र नेमका त्याच वर्षी होतो. पर्जन्यमापकाची रोजची नोंद, विहिरीच्या कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, आणि काम न झालेल्या शेजारच्या पाणलोटातील तशीच नोंद, ही तिन्ही शेजारी शेजारी मांडली की पावसाचा वाटा कोणता आणि कुदळीचा कोणता याचा निदान अंदाज येतो. मोजणी अशा रीतीने कर्तृत्वाच्या अभिमानाला चाप लावते. उलट, जो मोजायलाच तयार नाही त्याने फळ सोडलेले नसते; त्याने ते मनात गृहीत धरून जपलेले असते. पाणी वर आले नाही, चर गाळाने बुजले, लावलेली रोपे जळाली, असे ज्या हाताने खणले त्याच हाताने लिहिणे, ही अनासक्तीची कसोटी खणण्याच्या कष्टांपेक्षा अवघड आहे.

हिवरे बाजार या गावात पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी नीट राखणे, या गीतेतील संज्ञेला तेथे आकड्यांचा आधार मिळतो. तरीही ताळेबंदातील एक रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो. चर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूरही असतात, आणि पाणी चढते ते ज्याच्याकडे जमीन व विहीर आहे त्याच्या शेतात. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे फळच नव्हते, त्याला फलत्यागाचा उपदेश करणे हे धर्मचिंतन नसून वेठीला दिलेले सोज्वळ नाव होय. म्हणून पाणी किती चढले या नोंदीशेजारी ते कोणाच्या विहिरीत चढले, हेही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे.