शिधा तिघांचा, पंगत गावाची

दत्तभक्तहो, जयंतीचा सप्ताह जवळ आला की घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी पाटावर येते. संकल्प सोडताना मनात काहीतरी असतंच. मुलाला नोकरी लागू दे, दुखणं बरं होऊ दे. मग कुणीतरी म्हणतो, "ही कसली भक्ती? हा तर स्वार्थ!"

पण पोथीत पाहा. कुणी पोटशुळाने गांजलेला, कुणी मूल नाही म्हणून कष्टी, असेच लोक श्रीगुरूंकडे आले. 'तू स्वार्थी आहेस' म्हणून महाराजांनी त्यांना परत धाडलं नाही. आपलं दुःख देवापुढे मांडणं हा स्वार्थ नव्हे. मग स्वार्थ सुरू होतो कुठे?

३८व्या अध्यायातला भास्कर ब्राह्मण आठवा. श्रीगुरूंना भिक्षा करावी म्हणून तो गाणगापुरास आला. जवळ शिधा जेमतेम तिघांपुरता. रोज दुसऱ्या कुणाची तरी समाराधना असायची, हा तिथेच जेवायचा. तीन महिने गाठोडं तसंच बांधलेलं. लोक हसू लागले. अखेर श्रीगुरूंनी त्यालाच स्वयंपाक करायला सांगितलं आणि आमंत्रण मात्र सर्वांना द्यायला लावलं. अन्नावर वस्त्र झाकलं, हजारो माणसं जेवून तृप्त झाली. भास्कर जेवला सर्वांच्या शेवटी.

आपण यातला चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो. पण पाहा, श्रीगुरूंनी त्याची इच्छा मोडली नाही, ती मोठी केली. त्याला पुण्य हवं होतं, ते मिळालंच. पण एकट्याला नाही, गावाच्या पंगतीतून. आणि 'आधी माझ्याकडे भरपूर होऊ दे, मग देईन' ही सबबही उरली नाही. तिघांच्या शिध्यातूनच सुरुवात झाली.

आता आपल्या घरात डोकावू या. पारायण माझं, सोवळं माझं, पुण्य माझं. आणि सात दिवस चुलीपाशी राबते ती सून! शेजारच्या आजारी म्हातारीला औषध आणून द्यायचं तर म्हणे, "पारायण चालू आहे ना!" स्वार्थ मागण्यात नाही, तो इथे आहे. गाठोडं बांधलेलंच राहिलं की!

म्हणून संकल्प जरूर सोडा, मागायचं ते मागा. फक्त तेच दुःख आणखी कुणाचं आहे, हे बघा. मुलाच्या नोकरीसाठी पोथीला बसला असाल, तर शेजारच्या पोराचाही अर्ज भरून द्या. सुनेलाही पोथीपुढे बसू द्या, एक दिवस ताटं तुम्ही वाढा. गाठ सोडणं एवढंच आपल्या हाती. पुरवणारे महाराज समर्थ आहेत.

श्रीगुरुदेव दत्त!