मधल्या पिढ्यांचे ऋण

सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे प्रकाशालाही ते अंतर कापायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. मानवनिर्मित यानाने आजवर न गाठलेला, प्रकाशाच्या शंभराव्या हिश्शाइतका वेग साधला, तरी हा प्रवास चारशेहून अधिक वर्षे चालेल आणि वाटेत सोळा-सतरा पिढ्या यानातच जन्मून यानातच मरतील. ज्यांनी निघण्याचे ठरवले नाही आणि ज्यांच्या हयातीत मुक्कामही येणार नाही, अशा मधल्या पिढ्यांना या प्रवासाला जुंपण्याचा अधिकार पहिल्या पिढीला कोठून मिळतो, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून धर्माचा आहे.

वैदिक परंपरेत माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्मतो, आणि पितृऋण संततीने फिटते असे मानले आहे. या हिशेबात देणे मागच्यांचे असते. ज्या संततीने ते फिटते, तिचे आपण काय देणे लागतो, हे कलम त्यात वेगळे मांडलेले नाही. तारकायानात नेमकी हीच उणीव उघडी पडते, कारण तेथील मधली पिढी म्हणजे पूर्वजांचा संकल्प वंशजांपर्यंत वाहून नेणारे साधन ठरते.

पुढच्यांना बांधणारा निर्णय मुळातच अधर्म्य असतो, असे मात्र म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने ठरवते, म्हणजे एकाचाही विरोध उरला तर चर्चा पुढे चालू राहते. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू तोडताना बेटातील त्याच वर्षी फुटलेले कोवळे बांबू राखावे लागतात, कारण ते काही वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला यायचे असतात. पितृऋणात न मांडलेले देणे येथे कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला पाळावे लागते. 2013 मध्ये गावाने 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली आणि अजून न जन्मलेल्या वारसांचाही ती बाहेर विकण्याचा मार्ग बंद केला. तरीही हे बंधन न्याय्य वाटते, कारण ते ज्याला जाचेल, त्याला गडचिरोलीचा रस्ता मोकळा आहे आणि ज्याला बदलावेसे वाटेल, त्याला सभेत बसून विरोध नोंदवता येतो.

यानाला असे बाहेर नसते. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात 1991 मध्ये आठ माणसे बायोस्फिअर 2 या बंदिस्त काचघरात राहायला गेली, तेव्हा आतील प्राणवायू सुमारे 21 टक्क्यांवरून 14 टक्क्यांपर्यंत उतरला आणि अखेर तो बाहेरून सोडावा लागला; यानाला तीही सोय नसेल.

म्हणून मधल्या पिढीला परत फिरण्याची मुभा यानाच्या बांधणीतच असावी लागेल, आणि या मुभेला वजन आहे. वेग घेण्यासाठी निघतानाचे वजन इंधन जळाल्यानंतर उरणाऱ्या वजनाच्या दहापट लागते असे धरले, तर पुन्हा थांबण्याची सोय करताच ते शंभरपट होते, आणि वाटेतूनच फिरून घरी येऊन थांबायचे म्हटले की दहा हजारपट होते. हा बोजा परवडत नाही म्हणून जो आराखडाकार ते इंधन वगळतो, तो सतरा पिढ्यांच्या वतीने, त्यांच्यापैकी एकालाही सभेत न बसवता, ठराव मंजूर करत असतो.