जाण्याची तारीख नसलेला कारभारी

मावळातल्या परंदवडीचा मतदार तीन ठिकाणी माणसे निवडून देतो: गावची ग्रामपंचायत, वडगावची पंचायत समिती आणि पुण्याची जिल्हा परिषद. मार्च २०२२ मध्ये वरच्या दोन्हींची मुदत संपली. निवडणुका ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात अडकल्या, म्हणून समितीवर गटविकास अधिकारी आणि परिषदेवर मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले. शाळेचे छप्पर गळू लागले तर ‘झेडपी सदस्याला गाठा’ म्हणण्याची सोय संपली. अर्ज द्यायचा, पोचेवरचा आवक क्रमांक जपून ठेवायचा आणि वाट पाहायची.

हे अधिकारी कामचुकार होते, असे मला म्हणायचे नाही. माझा आक्षेप नेमणुकीला आहे. हंगामी कारभाऱ्याचे बळ त्याच्या जाण्याच्या तारखेत असते. ती तारीखच काढून घेतली की उरतो तो मालकी नसलेला मालक.

उर्से-तळेगाव पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांकडे पाहिले की हे बळ कळते. मालक अचानक गेला, मुलांची तयारी नाही, बँकेने कॅश क्रेडिट आवळले, अशा वेळी एखाद्या निवृत्त प्लांट हेडला सहा-नऊ महिन्यांसाठी बोलावतात. जाणता माणूस पहिल्या आठवड्यात केबिनमध्ये सादरीकरणे पाहत बसत नाही. तो स्टोअरमध्ये जाऊन बिन कार्डावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळवतो. कुणाकुणाचा माल रिजेक्ट होऊन परत आला, हे डिस्पॅचवाल्याला विचारतो. मग देणेकऱ्यांची यादी मागवतो, आणि त्या यादीत चढ्या दराने पुरवठा करणारी घरच्याच पाहुण्यांची फर्म निघते. ती सगळ्यांना ठाऊकच असते. पर्चेस मॅनेजर बोलत नाही, कारण त्याला तिथूनच निवृत्त व्हायचे आहे. नव्या माणसाला ती धास्ती नसते, म्हणून तो एका बैठकीत विषय संपवतो.

पण हेच स्वातंत्र्य घातकही ठरते. मशिनांची देखभाल पुढे ढकलली, नवे साचे घेतले नाहीत, जुने फिटर घरी पाठवले की सहा महिन्यांचा ताळेबंद कुणालाही देखणा करता येतो. परिणाम भोगायला तो तिथे नसतो. तेव्हा त्याचे काम मोजायचे ते नफ्यावर नव्हे. तो कारभार कुणाच्या हाती आणि कोणत्या अवस्थेत सोपवून गेला, यावर.

या कसोटीला उतरलेले उदाहरण ‘सत्यम’ या संगणक कंपनीचे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. काही दिवसांतच केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ हटवून दीपक पारेख, किरण कर्णिक प्रभृतींना नेमले. पन्नास हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांचे पगार आणि परदेशी ग्राहकांचा विश्वास, दोन्ही टांगणीला लागले होते. मंडळाने पैशांची सोय लावली, मुख्य कार्यकारी अधिकारी कंपनीतलाच, ए. एस. मूर्ती, निवडला आणि जाहीर बोलीने खरेदीदार शोधला. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राची बोली सरस ठरली. या मंडळींना तिथे घर थाटायचे नव्हते, म्हणूनच हे जमले.

इथे वाचक मला महाराष्ट्र राज्य सहकारी बँक दाखवतील, आणि दाखवावीच. मे २०११ मध्ये तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. तोट्यात रुतलेली ही बँक प्रशासकीय मंडळाच्या काळात सावरली; विद्याधर अनास्करांच्या अध्यक्षपदाच्या काळात वार्षिक नफा सहाशे कोटींच्या पुढे गेला. कर्जाच्या अर्जावर आधी तारण पाहायचे, शिफारस कुणाची ते नाही, ही शिस्त लागायला वर्षे लागतात, हे मान्य. तरीही दहा वर्षांहून जास्त चाललेल्या व्यवस्थेला हंगामी कसे म्हणायचे? ज्या जिल्हा बँका या शिखर बँकेच्या सभासद आहेत, त्यांना आपले प्रतिनिधी निवडून चुकायची आणि सुधारायची संधी एवढा काळ मिळाली नाही. चांगला कारभार हा निवडीच्या हक्काचा मोबदला होऊ शकत नाही. उद्या वाईट प्रशासक आला, तर त्याला हटवायचे कुणी?

खासगी कंपनीत हा प्रश्न निदान मालक तरी विचारतो, कारण महिन्याची फी त्याच्या खिशातून जाते. सार्वजनिक संस्थेत विचारणारे सभागृहच बरखास्त असते. प्रशासक ठराव मांडतो, तोच मंजूर करतो आणि तोच अंमलात आणतो. अंदाजपत्रकी सभेत कागद भिरकावणारे सदस्य कितीही कर्कश असोत, त्या गोंगाटात एखाद्या गावच्या रस्त्याचे नाव तरी निघे.

म्हणून नेमणुकीच्या आदेशातच निवडणुकीची तारीख असावी आणि प्रशासकाला मोठे धोरणात्मक निर्णय घ्यायला मनाई असावी. जाताना त्याने काय केले आणि काय अर्धवट राहिले, याचा लेखी अहवाल नव्या सभागृहापुढे ठेवावा. मुदतीची अट तर नवीही नाही. पंचायतीची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे आणि ती मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत, असे राज्यघटनेचे २४३ ई हे कलम १९९३ पासून सांगते आहे. पुणे जिल्हा परिषदेत प्रशासक येऊन तीन वर्षे उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यातल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे बजावावे लागले.