वडिलांचं नाव

आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आम्ही सगळे बहादूर म्हणतो. त्याचं खरं नाव मला एकवीस वर्षांनी कळलं, तेही त्याच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर. ती पासपोर्टचा फॉर्म भरायला आली होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून असली कामं माझ्याकडेच येतात. दाखला पुणे महापालिकेचा, २००५ चा. लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटलेलं. आईवडील दोघंही नेपाळी.

"तू भारतीय नाहीस गं," मी म्हणालो. "१ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक तरी भारतीय लागतं."

"पण काका, जन्म तर पुण्यातलाच आहे ना?"

दहावीला मराठीत तिला माझ्या मुलापेक्षा जास्त मार्क होते. "तुला नेपाळची नागरिकता मिळेल की, वडिलांमुळे," मी समजूत घातली. नेपाळला ती आयुष्यात दोनदा गेली आहे.

"हे ठरवलं कुणी?"

"सरकारने."

ही गोष्ट जानेवारी २०२५ ची. त्याच आठवड्यात ट्रम्पसाहेबांनी आदेश काढला: तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही. माझा मुलगा तिकडे एच-वन-बीवर, सुनेला सातवा महिना. मी रात्रभर तळमळलो. चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कचा १८९८ चा निकाल शोधून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'जिथे जन्मलं तिथलंच पोर!' असंही खाली ठोकून दिलं. सिएटलच्या न्यायालयाने तीन दिवसांत आदेश रोखला, तेव्हा देवापुढे साखर ठेवली. मार्चमध्ये न्यू जर्सीत नातू झाला. तिथला तो मातीने. इकडच्या ओसीआय कार्डाचा अर्ज मी भरला, रक्ताच्या नात्याने.

नागरिकत्व कुणाला द्यावं यावर माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतात. मला खुपतंय ते निराळंच. त्या पोरीला 'नाही' सांगताना मला आतून जरा बरं वाटलं होतं. काउंटरवर अपुरा अर्ज परत करताना वाटायचं, अगदी तसं.

आणि 'सरकारने' हे उत्तरही अर्धंच खरं. आसाम आंदोलनानंतर, १९८६ साली कायदा बदलला तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, मतदार होतो. पेपरात बातमी वाचली आणि चहाचा घोट घेत म्हणालो होतो, "बरं झालं."