अकरावा नंबर

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथं तो अकरावा आला. त्याच्या महिनाभर आधी, त्याच पॅरिसमध्ये, त्यानं ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता.

या शर्यतीत पस्तीस अडथळे असतात, त्यातले सात पाण्याचे. दम राखून पळावं लागतं. मोबाइलवर मात्र निकाल अंगठ्यानं लागतो. एका दिवशी ‘बीडचा वाघ’, दुसऱ्या दिवशी ‘पदक कुठंय?’ लिहिणारा पुढच्या रीलवर जातो. ज्याच्याबद्दल लिहिलं, तो रात्री तेच वाचत बसतो. खेळाडूच्या मागे निदान प्रशिक्षक असतो. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहिलेल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या आणि बॉडी बघणाऱ्या पोराच्या मागे कोण असतं?

त्याला झोप लागेना, जेवण जाईना, तो कुणाशी बोलेना, तर ‘नाटकं करतो’ म्हणून सोडून देऊ नका. मोबाइल हिसकावूनही फारसं साधत नाही, असं मला वाटतं. आधी त्याच्याजवळ बसा. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीतही बोलता येतं.