हात सोडू नये

परळच्या टाटा रुग्णालयासमोर फूटपाथवर फायली उराशी धरून बसलेली माणसे आपण पाहतो. १९४१ पासून गावोगावचे रोगी इथे येत आहेत. त्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेलेही असतात. अशा माळकऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. इतक्या वाऱ्या केल्या, तरी मरणाची भीती वाटते, डोळ्यांत पाणी येते. मग आपली भक्ती कच्चीच राहिली का?

माउली, उत्तर आळंदीत आहे. शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवरायांनी अभंगांतून सांगितला आहे. साक्षात गुरू असलेले निवृत्तीनाथही त्या वेळी शोकाने व्याकूळ झाले. ज्यांनी ज्ञान दिले, त्यांचेच डोळे भरून आले! पण रडत असतानाही त्यांनी ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना आसनापर्यंत नेले. अश्रू आवरले नाहीत, हातही सोडला नाही.

गाडगेबाबांचे उलटे दिसते. १९२३ साली कीर्तनातच त्यांना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. एक रडले, एक रडले नाहीत. मग धीराचे कोण? दोघेही. कारण समोरच्या माणसाला दोघांनीही वाऱ्यावर सोडले नाही. धीर डोळ्यांवरून मोजू नये, हातावरून मोजावा.

बाबांनी ठिकठिकाणी परक्या माणसांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वाटेतच देह ठेवला. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात. तिथे मरण टळते असे नाही, एकटेपण टळते. आणि मरणाच्या भीतीत निम्मा वाटा एकटेपणाचाच असतो.

आपण दिंडीत चालतो ते तरी का? पाय थकले की शेजारच्याचा टाळ आपल्याला पुढे नेतो. शेवटची वाटही अशीच चालायची आहे. आज कुणाच्या उशाशी बसून नाम घ्यावे, म्हणजे उद्या आपल्या उशाशी कुणी बसले तर ते नाम ओळखीचे वाटेल. भीती वाटली तर वाटू द्यावी. विठोबाला ती ठाऊक आहे. शेजारच्याचा हात तेवढा सोडू नये.

रामकृष्ण हरी.